न हललेलं कपाट

भीमजयंतीआधी घरात रंगाचं काम काढलंय. ओल्या रंगाच्या वासाने मला वागळे इस्टेटजवळचा माझा पहिलीचा वर्ग आठवला. तिथे मी वीस वर्षं शिकवलं.

एका वर्षी तिथल्याही भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या आणि मी मुलांना ढकलणं-ओढणं शिकवत होते. खुर्ची ढकलून झाली, दप्तरं ओढून झाली. मग सानिका नावाची किडकिडीत मुलगी उठली आणि थेट लोखंडी कपाटाला भिडली. तिने जीव खाऊन ढकललं, पण कपाट जागचं हललं नाही.

"हललं नाही, म्हणजे जोर लागलाच नाही," मी वर्गाला सांगितलं.

"लागला ना, टीचर!" म्हणत तिने लालबुंद झालेले दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले.

चूक माझी होती, हे मला तेव्हाच कळलं. पण पहिलीतल्या पोरीपुढे माघार कोण घेणार? "बस जागेवर," मी म्हणाले.

आज रंगासाठी आमचं कपाट सरकवायचं होतं. मी अलीकडून ढकलत होते, हे पलीकडून ओढत होते. कपाट काही हलेना.

"अगं, तू जोर लावतच नाहीयेस!" हे वैतागून म्हणाले.

मी दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले.