यॉट, तळी आणि बिननावाचा कुत्रा

खरं तर आम्ही ग्रीसला जाणार होतो. म्हणजे निखिल जाणार होता, आणि मी त्याची बायको असल्यामुळे मलाही न्यावं लागलं असतं. गेले दोन हिवाळे हा माणूस जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन एकाच प्रकारचे व्हिडिओ बघत होता. उन्हाने लालबुंद झालेलं कुणीतरी जोडपं स्वतःच्या यॉटमधून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने फिरतंय, सकाळी या गावात ऑलिव्ह खातंय, संध्याकाळी त्या गावात मासे, आणि त्यांचा कुत्रा डेकवर कान उडवत उभा आहे. "मुग्धा, लाइफ असावं तर असं!" मी मान डोलवायचे आणि भाकरी गार होतेय म्हणून सांगायचे.

मग आमच्याकडेही कुत्रा आला आणि ग्रीस बारगळलं. ऑस्ट्रेलियातून कुत्रा बाहेर नेणं एक वेळ जमेल, पण परत आणताना क्वारंटाइनचे जे सोपस्कार आहेत ते वाचूनच आम्ही लॅपटॉप मिटला. हार मानेल तर तो निखिल कसला! दुसऱ्याच दिवशी त्याने गिप्सलँडची तळी शोधून काढली. ट्रुगानिना या उपनगरातल्या आमच्या घरापासून गाडीने साडेचार तास. समुद्राला लागून, वाळूच्या लांबलचक पट्ट्याने अडवलेलं अथांग पाणी, मध्ये बेटं, काठाला छोटी गावं. यॉट भाड्याने मिळते, ती स्वतःच चालवायची. आम्ही दोघांनी अल्बर्ट पार्कच्या तलावात वीकेंडचा सेलिंग कोर्स केला होता, त्या जोरावर बुकिंग झालं. आमच्या बोटीला लायसन्स लागलं नाही, पण तुम्ही बुक करताना विचारून घ्या. आणि 'कुत्रा चालेल का' हे त्याच्याही आधी विचारा, कारण बहुतेक जण नाही म्हणतात.

आता कुत्र्याबद्दल. तो ग्रेहाउंड, शर्यतीतून रिटायर झालेला. इथे अशा कुत्र्यांना आधी काही आठवडे घरी सांभाळायला देतात, जमलं तर तो कायमचा तुमचा. कुत्रा देणाऱ्या संस्थेच्या शेरिलला आम्ही ट्रिपहून आल्यावर, सोमवारी, हो की नाही ते सांगायचं होतं. निखिलचं हो पहिल्या दिवसापासून तयार होतं. अडून बसले होते ती मी.

माझ्या अडण्याचा कुत्र्याशी तसा काही संबंध नव्हता. आम्ही इथे आलो ते दोन-तीन वर्षांसाठी. त्याला आता नऊ वर्षं झाली. कायम राहायचं पीआर झालं, घर झालं, मागच्या अंगणात लिंबू लागलं, तरी दर रविवारी पुण्याला आईशी बोलताना मी "बघू, पुढच्या वर्षी" म्हणते आणि तीही "बघा" म्हणते. घर विकता येतं. पण अंगावर तोळाभर चरबी नसलेला, दिवसाचे अठरा तास सोफ्यावर पाय वर करून झोपणारा हा प्राणी कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर कसा न्यायचा? कुत्रा ठेवला म्हणजे आपण परत जात नाही, इतकं हे स्वच्छ होतं. आणि ते मला तोंडाने म्हणायचं नव्हतं. म्हणून मी नियम काढला होता की निर्णय होईपर्यंत त्याचं नाव ठेवायचं नाही. निखिलने तो मुकाट्याने मानला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एप्रिलअखेरच्या एका शुक्रवारी पहाटे निघालो. वेस्ट गेट ब्रिज सातच्या आत ओलांडा, नाहीतर शहरातच जीव मेटाकुटीला येतो. पुढे रस्ता सरळसोट आहे, दोन्ही बाजूंना गाईच गाई. ट्रॅरलगनच्या एका बेकरीत कॉफी आणि व्हॅनिला स्लाइस घेतला, बरोबर आणलेल्या दशम्या आणि दाण्याची चटणी बाहेरच्या बाकावर उघडली. कुत्र्याने एक दशमी खाल्ली, दुसरी चोरली, आणि मग पुढचे दोन तास त्या दोन दशम्यांचे परिणाम आम्ही गाडीच्या चारही काचा खाली करून भोगले.

मेटुंग हे गाव म्हणजे एक दुकान, एक पब आणि शेकडो बोटी. यॉटवाल्या ग्रेगने तासभर सगळं समजावून सांगितलं. इंजिन, शीड, नांगर, आणि हात लावायचा नाही अशी दहा-बारा बटणं. निखिल त्याच्या प्रत्येक वाक्याला "येप, येप" करत होता, म्हणजे त्याला काहीही कळत नव्हतं. मग कुत्र्याला चढवायची वेळ आली. ग्रेहाउंडना जिने माहीत नसतात, आणि जेटी व बोट यांच्यामधली फूटभर फट तर मुळीच नाही. तो फटीपाशी आला, खाली पाणी पाहिलं आणि पुतळा झाला.

"इज ही ऑलराइट, मेट?" ग्रेगने विचारलं.

"ही इज थिंकिंग," निखिल म्हणाला.

"व्हॉट्स हिज नेम?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ही डझन्ट हॅव वन," मी म्हणाले.

ग्रेगने जरा विचार केला. "फेअर इनफ," म्हणाला, आणि बत्तीस किलोंचा तो ऐवज दोन्ही हातांवर उचलून आत ठेवून दिला.

पहिल्या दिवशी लेक किंग ओलांडून पेन्सव्हिलला गेलो. वारा बेताचा होता, शीड एकदाचं भरलं, इंजिन बंद केलं, आणि अचानक फक्त पाण्याचा आवाज उरला. मी खोटं बोलणार नाही, मला फार म्हणजे फार आवडलं. तासाभराने डॉल्फिन दिसले. मी ओरडले, निखिल ओरडला, मोबाइल शोधेपर्यंत ते गेले. कुत्रा लाइफ जॅकेट घालून, सगळ्या उशा अंगाखाली घेऊन झोपला होता. व्हिडिओतला कान उडवणारा कुत्रा हा नव्हे, हे निखिलने त्या दिवशी मनाशी मान्य केलं असावं.

पेन्सव्हिलला सार्वजनिक जेटीवर बोट बांधता येते आणि समोरच हिरवळ आहे. कुत्रा असेल तर मुक्काम इथेच करा, कारण बोटीवरच्या कुत्र्याचा खरा प्रश्न समुद्र लागण्याचा नसतो, शू करण्याचा असतो. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून खोट्या गवताचा तुकडा आणला होता. तो पाहून कुत्र्याने आमच्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. संध्याकाळी फ्लॅटहेड मासा आणि चिप्स काठावर बसून खाल्ले. दोघांना एक मोठं पार्सल पुरतं, कुत्रा टक लावून बसला असेल तर पुरत नाही.

शनिवारी सकाळी समोरच्या रेमंड आयलंडवर गेलो. साखळीने ओढली जाणारी फेरी आहे, पायी जाणाऱ्यांना फुकट, पाच मिनिटांत पलीकडे. तिथे झाडाझाडावर कोआला आहेत, अक्षरशः मान वर करावी तिथे एक. कुत्र्याला साखळीने धरून नेता येतं. ग्रेहाउंडना तर व्हिक्टोरियात घराबाहेर कायमच साखळी लागते, हे लक्षात ठेवा. एका कोआलाने डोळा उघडून आमच्या कुत्र्याकडे पाहिलं, आमच्या कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघेही पुन्हा आपापल्या आळसात गेले.

"ह्याने शर्यतीत काय केलं असेल रे?" मी निखिलला विचारलं.

"हरला असेल. म्हणून तर आपल्याला मिळाला."

"आपल्याला अजून मिळालेला नाही," मी म्हणाले. निखिलने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. तो भांडला असता तर मला कमी टोचलं असतं.

दुपारी डक आर्म नावाच्या एका शांत खाडीत नांगर टाकला. तळ्यांच्या काठाचा बराच भाग नॅशनल पार्कात येतो आणि तिथे कुत्र्यांना बंदी आहे, त्यामुळे कुत्रा कुठे उतरवता येईल ते नकाशावर आधीच बघून ठेवा. संध्याकाळी निखिल त्याला छोट्या होडीतून वल्हवत काठाला घेऊन गेला आणि परत घेऊन आला. मी तोवर मुगाची खिचडी टाकली. यॉटच्या इवल्याशा शेगडीवर, पाण्यावर हलत, खिचडीला जी चव आली ती घरी का येत नाही, कळत नाही. सूर्य मावळताना निखिल म्हणाला, "सोमवारी काय सांगायचं?" मी म्हणाले, "सोमवारी बघू." तो म्हणाला, "तू आईंना पण हेच सांगतेस." मग आम्ही भांडी घासली, जरा आदळआपट करतच.

रविवारी सकाळी मी डेकवर चहा गाळत होते. पाणी स्तब्ध होतं, थंडी चांगलीच होती. निखिल कुत्र्याला होडीत बसवून काठाकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत लव्हाळ्यांमागून काळे हंस बाहेर आले, पाच-सहा, माना वर करून.

इतके आठवडे ज्याने मांजराकडेही वळून पाहिलं नव्हतं, तो कुत्रा उठला. नुसता उठला नाही, सुटला. होडीच्या कडेवर पाय दिला, होडी कलली, निखिल आडवा झाला, एक वल्हं पाण्यात गेलं, आणि कुत्रा हंसांच्या मागे. जॅकेट होतं म्हणून तरंगत होता. पण हंस खाडीच्या तोंडाकडे, उघड्या तळ्याच्या दिशेने निघाले आणि हा त्यांच्या मागोमाग. साखळी पाण्यातून मागे सरपटत होती. निखिल एका वल्ह्याने जागच्या जागी गोल फिरत होता.

आणि त्याला हाक मारायला नाव नव्हतं. ते पाणी बर्फागत होतं, त्याच्या अंगावर मांस नाही, आणि मी हट्टाने त्याला बिननावाचा ठेवला होता.

"शंभू!" निखिल होडीतून बोंबलला. "शंभू, इकडे! शंभू!"

कुत्र्याने ढिम्म लक्ष दिलं नाही. आणि माझ्या तोंडून, पूर्ण आवाजात, सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं निघालं, "भाऊसाहेब! अहो भाऊसाहेब! परत या! दहीभात!"

त्याचे कान फिरले. मग मान फिरली. मग तो अख्खा फिरला आणि नाक वर धरून, धापा टाकत, सरळ माझ्याकडे पोहत यायला लागला. मी मागच्या शिडीवर गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले आणि जॅकेटचं हँडल धरून त्याला वर खेचलं, कसं ते मला विचारू नका. तो थंडीने थडथड उडत होता. मी त्याला सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि भोकाड पसरलं. लाज वाटायला आजूबाजूला कुणी नव्हतं, पलीकडच्या बोटीवरचे एक आजोबा सोडून. त्यांनी कॉफीचा मग उंचावला आणि "गुड ऑन या!" म्हणाले.

निखिल बऱ्याच वेळाने, दोन्ही वल्ही घेऊन, भिजलेला परत आला. शिडीला होडी बांधत त्याने फक्त एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"भाऊसाहेब."

कुत्रा ते ऐकून चादरीतून मान काढून बघायला लागला. आता नाकारण्यात काही अर्थच नव्हता. "तू सकाळच्या शिफ्टला गेलास की तेच म्हणते," मी म्हणाले. "अरे, बसतोच तसा तो. पेन्शन घ्यायला आल्यासारखा. आणि शंभू?"

"पहिल्या दिवसापासून. गाडीतच. पण साला माझ्या हाकेला येत नाही."

"दहीभात घालतोस का?"

"तू घालतेस? शेरिलने तांदूळ नको म्हणून सांगितलंय ना!"

आम्ही दोघे हसलो, मग मी परत रडले. म्हणाले, "निखिल, आपण नाही जात आहोत रे परत." तो ओल्या कपड्यांनीच शेजारी बसला. म्हणाला, "मला माहितीये. तुझी वाट बघत होतो." तेवढ्यात भाऊसाहेब उठले, चादर टाकून दिली, डगमगत खोट्या गवतापाशी गेले, त्याचा वास घेतला, आणि त्याच्या शेजारी गुंडाळून ठेवलेल्या ग्रेगच्या दोरावर निवांत मोकळे झाले. दोर आम्ही नंतर बादलीने तीनदा धुतला.

परतीच्या वाटेवर वारा मस्त होता, मी सुकाणू धरलं आणि मेटुंगपर्यंत सोडलंच नाही. तुम्ही जाणार असाल तर गार हवेसाठी गरम कपडे घ्या, कुत्र्याला जाड कोट घ्या, आणि तीनऐवजी चार दिवस काढा. ग्रीसइतकं निळं नसेल पाणी, मला माहीत नाही, मी ग्रीसला गेलेले नाही.

सोमवारी दुपारी शेरिलला फोन केला. तिने "ऑ, लव्हली!" म्हणून फोनवर किंकाळी फोडली. तो सोपा फोन होता. दुसरा मी संध्याकाळी केला, रविवार नसताना, त्यामुळे आईने आधी घाबरून "काय झालं गं?" विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. कुत्रा, हंस, थंड पाणी, भाऊसाहेब. ती खूप हसली. मला कॅमेरा फिरवायला लावून तिने सोफ्यावरच्या त्या उताण्या देहाकडे पाहिलं आणि "भाऊसाहेब, जेवलात का?" असं विचारलं. त्यांनी एक डोळा उघडला.

मग मी म्हणाले, "आई, आम्ही त्याला ठेवतोय. कायमचा."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. पंख्याचा आवाज येत होता.

"बरं केलंत," ती म्हणाली. "मग मधल्या खोलीतलं कपाट मी वापरायला घेऊ का? तुम्ही आलात की लागेल म्हणून रिकामं ठेवलं होतं."

नऊ वर्षं. मी म्हटलं, "घे ना आई." ती म्हणाली, "उद्या कागद घालते आणि साड्या लावते," आणि मग मला कुत्र्याच्या कोटाचं माप विचारलं.