इंजिन बंद करायचं नाही

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला, आणि तो संपवण्यात शाळेनेच जास्त उत्साह दाखवला होता. ते ट्रक चालवायचे. साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं विकणाऱ्या एका अवाढव्य कंपनीच्या डेपोत त्यांची एकतीस वर्षं गेली. गोदामातून माल भरायचा, शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या दुकानांच्या मागच्या दारी उतरवायचा, परत यायचं. त्यातली शेवटची वीस वर्षं नव्या ड्रायव्हरला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रत्येक नवशिक्याने महिनाभर शिकाऊ ट्रकवर मास्तरांच्या शेजारी बसायचं आणि शिव्या खायच्या, असा शिरस्ता. असे दीडशे जण त्यांच्या हाताखालून गेले. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, आणि मास्तरांना ते इतकं आवडायचं की घरी फोन आला तरी ते "मास्तर बोलतोय" म्हणून उचलायचे.

मास्तरांचा एकच कायदा होता: सकाळी सुरू केलेलं इंजिन संध्याकाळपर्यंत बंद करायचं नाही. दुकानाच्या दारी दोन तास रांगेत थांबलात? चालू ठेवा. जेवताय? चालू ठेवा. नवशिक्याचा हात किल्लीकडे गेला की मास्तर त्यावर फाटकन चापट मारायचे. "गार इंजिन पुन्हा पेटवलं की एका झटक्यात तासाभराचं डिझेल ढोसतं! पिस्टनला हिसका बसतो तो वेगळाच. कळलं का रे, दिवट्या?" दिवट्याला काय कळणार? तो मान हलवायचा, आणि पुढची वीस वर्षं इंजिन बंद करायचा नाही.

मग मुख्य कचेरीला एकाएकी डिझेलची आणि धुराची काळजी लागली. ट्रकांच्या टपावर वारा कापणाऱ्या टोप्या बसल्या. दोन्ही अंगांना खालपर्यंत पत्रे आले. त्याने वारा चाकांत अडकत नाही म्हणे. ड्रायव्हर लोकांनी लगेच त्याचं नाव परकर ठेवलं. आणि या सगळ्यावर देखरेख करायला एक तरुण इंजिनिअर आला, जो "साधारण दोन" असं आयुष्यात कधी म्हणाला नसेल. दोन पूर्णांक चार म्हणायचा. त्याचं नाव चार दिवसांत दशांश पडलं.

दशांशने प्रत्येक ट्रकमध्ये एक काळी डबी बसवली. शिकाऊ ट्रक तेवढा डबीविना राहिला. डबी सगळं टिपून घ्यायची: ब्रेक किती जोरात मारला, गिअर कधी बदलला, ट्रक जागेवर उभा असताना इंजिन किती वेळ चालू होतं. महिन्याभराने त्याने ड्रायव्हरांना कँटीनमध्ये गोळा केलं. "बाकीच्या डेपोंत उभ्या ट्रकचं इंजिन दिवसाला चाळीस मिनिटं चालू असतं," तो म्हणाला. "इथे तीन तास. उभा ट्रक तासाला तीन लिटर पितो. एकट्या याच डेपोत असं का, कोणी सांगेल का मला?"

मास्तर पहिल्याच रांगेत बसले होते. "टायरमध्ये हवा कमी असणार," ते म्हणाले.

आता उभ्या ट्रकचा आणि टायरच्या हवेचा काय संबंध? पण मास्तर बोलले म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

शुक्रवारी कँटीनच्या भिंतीवर यादी लागली. सगळ्यात जास्त डिझेल वाया घालवणारे पाच जण. सोमवारी त्यांची चौकशी, आणि नंतर ट्रक काढून घेऊन त्यांना गोदामात खोके उचलायला पाठवणार. यादीत तळाला, म्हणजे सगळ्यांत वाईट, चिमणी होती.

चिमणी म्हणजे मास्तरांची एकुलती एक पोरगी. पाच फूट दहा इंच उंच, खांदे दारात अडकतील असे, तरी नाव चिमणी, कारण जन्मली तेव्हा मूठभर होती. दोन वर्षांपूर्वी हट्टाने ट्रकवर चढली. शिकाऊ महिन्यात मास्तरांनी तिला बाकीच्यांच्या दुप्पट शिव्या घातल्या आणि तिने बाकीच्यांच्या दुप्पट ऐकल्या. लोक कायदा थोडाफार तरी मोडायचे, ऊन-थंडी बघून गुपचूप किल्ली फिरवायचे. चिमणीने एकदाही मोडला नाही. बापाचा शब्द म्हणजे शब्द. म्हणूनच तर तळाला गेली, बिचारी!

त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "बाबा, माझं नेमकं कुठं चुकतं? गिअर लवकर टाकते, ब्रेक हळू मारते, इंजिन तुमच्या कायद्याने चालू ठेवते. मग मीच का शेवटी?"

मास्तरांनी भाजी पुढे ओढून घेतली. "टायर बघ," ते म्हणाले.

पोरगी खरंच उठली, डेपोत गेली आणि अठरा चाकांची हवा मोजून आली. शनिवारी पुन्हा मोजली. रविवारी सुट्टी टाकून ट्रकखाली शिरली, आणि केसांत ग्रीस माखून घरी आली.

"सांगून टाका तिला," मास्तरांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिलाच एकटीला खरी गोष्ट माहीत होती.

खरी गोष्ट अशी. एकोणतीस वर्षांपूर्वी मास्तरांना एक खटारा ट्रक मिळाला होता. त्याचा स्टार्टर बिघडलेला, मनात आलं तरच चालायचा. एकदा एका दुकानाच्या मागच्या दारी मास्तरांनी इंजिन बंद केलं आणि ते पुन्हा सुरू होईना. दुकानातले आठ हमाल, वर भाजीच्या विभागातल्या दोन बायका, सगळ्यांनी मिळून ट्रक ढकलला. बायका तर हसून हसून वाकल्या. आठवडाभर मास्तरांना ढकलराव म्हणत होते लोक. तेव्हापासून त्यांनी तो खटारा बंद करणंच सोडलं. पुढच्याच महिन्यात शेजारी क्लीनर म्हणून बसणाऱ्या लंबू नावाच्या पोराने विचारलं की इंजिन चालू का ठेवता. आता काय सांगायचं? ढकलायला लागतो म्हणून? मास्तरांनी तिथल्या तिथे पिस्टनच्या हिसक्याची थाप ठोकून दिली. लंबूचे डोळे मोठे झाले. तीन आठवड्यांनी नवा स्टार्टर बसला, पण कायदा तोवर पक्का झाला होता. इतका, की पुढे मास्तरांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. दशांशने तीन लिटरचा आकडा सांगितला तेव्हा मात्र तो विश्वास उडाला.

"मी सांगितलं तर माझ्याकडे बघेल का कोणी?" मास्तर बायकोला म्हणाले.

"नाही सांगितलंत तर मी बघणार नाही," बायको म्हणाली.

सोमवारी सकाळी कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दशांशने पाचही जणांना उभं केलं आणि एकेकाला उभ्या ट्रकचं इंजिन चालू ठेवण्याचं कारण विचारलं.

पहिला लंबूच. आता डोकं पांढरं झालेला. "मला उकडतं, साहेब. पंख्याची हवा लागते." बाहेर थंडीने खिडक्यांच्या काचा धुरकटल्या होत्या.

दुसरा म्हणाला, "कंबर. इंजिनाच्या थरथरीने जरा शेकल्यासारखं होतं." तिसऱ्याला रेडिओ ऐकायचा होता. चौथ्याने नुसतेच खांदे उडवले.

"आणि तुम्ही? दिवसाला चार पूर्णांक दोन तास!" दशांश चिमणीला म्हणाला.

"माझ्या लक्षात राहत नाही," चिमणी म्हणाली. साठ दुकानांच्या दारांचे नंबर तोंडपाठ असलेली पोरगी!

एकानेही मास्तरांचं नाव घेतलं नाही. एकानेही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रक जाणार होते पाचांचे, आणि पाचही जण मास्तरांची अब्रू पोटाशी धरून उभे होते. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पाचांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मास्तर उठले. "मी शिकवलंय त्यांना. दीडशेच्या दीडशे जणांना," ते म्हणाले. आणि मग खटारा, स्टार्टर, हमाल, वाकून हसणाऱ्या बायका, सगळं सांगून टाकलं. आवाज नेहमीचाच मोठा होता.

लंबू म्हणाला, "मास्तर, एकोणतीस वर्षं मी जेवताना धूर खातोय. स्टार्टरपायी?" आणि तो हसायलाच लागला. मग सगळे हसले, बाकं बडवून, डोळे पुसत. "ढकलराव!" कोणीतरी मागून ओरडलं.

दशांश काही हसला नाही. त्याने कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. पाचही जणांना दोन महिने मुदत. शिकाऊ ट्रक मास्तरांकडून काढून घेतला. मास्तर उद्यापासून गोदामात. मास्तरांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटलं. चिमणीचा ट्रक वाचला होता. लोक हसले होते, पण थुंकलं तर कोणी नव्हतं.

बाहेर आवारात चिमणी तिच्या ट्रकपाशी उभी होती. मास्तर तिच्याकडे गेले. पोरगी गळ्यात पडेल अशी त्यांची जवळजवळ खात्रीच होती.

"चुकीचं शिकवलंत, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मी विचारलं होतं तुम्हाला. समोर बसून विचारलं होतं. तीन दिवस मी त्या ट्रकखाली लोळत होते, मला काही येत नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत होते. आणि तुम्ही जेवत होतात."

"घाबरलो होतो गं."

"कशाला?"

"तुझ्या नजरेतून उतरेन म्हणून. मास्तर म्हणून तुला जे वाटायचं माझ्याबद्दल…"

"मास्तर म्हणायला दीडशे जण आहेत तुम्हाला," चिमणी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला रागही आला होता. "मी घरी विचारलं होतं, बाबा. मास्तरांना नव्हतं विचारलं."

एकतीस वर्षांत मास्तरांना कधी उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. खरं नाही तर खोटं, पण सुचायचं. आज त्यांनी तिच्यासाठी ट्रकचं दार तेवढं उघडून धरलं. चिमणी वर चढली, दार लावलं आणि माल घेऊन निघून गेली.