फक्त प्रश्न विचारायचे

माझ्या मेहुण्याइतका सल्ले देणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा झाला नाही. आमच्या लग्नात अंतरपाट किती उंच धरायचा, हे त्याने भटजींना सांगितलं. जेसल पार्कातल्या भाजीवाल्याला "भैया, टमाटर नीचे मत रखो" असं बजावून काहीही न घेता तो पुढे जायचा. दाढ काढून घेताना बोलता येईना, तेव्हा पक्कड कशी धरायची ते त्याने डॉक्टरांना खुणांनी दाखवलं.

अशा माणसाला दोन हजार पाच-सहाच्या सुमारास विद्यापीठात व्यसनावरच्या संशोधनात नोकरी लागली. ती टिकली तर पीएच.डी.ही होणार होती. सासूबाईंनी दारावरची 'डॉक्टर'ची पाटी आधीच करून घेतली होती. गुटखा खाणाऱ्यांचे दोन गट केले होते. एका गटाला समजवायचं, दुसऱ्याला वर्षभर नुसते प्रश्न विचारायचे, सल्ला एका शब्दाचाही द्यायचा नाही, म्हणजे समजावण्याने फरक पडतो का ते कळतं. मेहुण्याच्या वाट्याला दुसरा गट आला. मी आणि बायको पोट धरून हसलो.

"हसा भाऊजी," तो म्हणाला, "पण असं वाकून नका हसू, पाठ धरेल."

पेणकरपाड्याच्या वस्तीत तो तोंडात लवंग धरून प्रश्न विचारायचा, जिभेला काम म्हणून. मिठागरात आयुष्य गेलेल्या एका काकांनी त्याला विचारलंच, "सायब, आमचा गुटखा लिवताय, तुमच्या तोंडात काय हाय?" दिवसभर तुंबलेले सल्ले मग तो आमच्या घरी येऊन मोकळे करी. कणीक कशी मळावी, पंखा कितीवर ठेवावा, मी कोणत्या कुशीवर झोपावं, सगळं.

आठव्या महिन्यात त्या काकांचं तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. मेहुण्याने फॉर्म भरला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत फिरला. मग दोन तास बोलला. दुसऱ्या दिवशी काकांना हॉस्पिटलात दाखवून तो थेट विद्यापीठात गेला आणि संशोधनाच्या प्रमुख बाईंना सगळं सांगून आला. काकांचे फॉर्म बाद झाले, आणि याची नोकरीही गेली.

"बाईंचं बरोबरच आहे," तो आमच्याकडे येऊन म्हणाला. असं दुसऱ्याबद्दल मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

"आणि काका? ऐकलं का त्यांनी?"

"लगेच. पुडी माझ्याच हातात दिली. म्हणाले, आठ महिने येताय, आधी का न्हाय बोललात?"

मग तो पानावर बसला. बायकोने वाढलं ते मुकाट्याने जेवला. आणि खरं सांगतो, त्याने मला काहीतरी सांगावं, काहीही, असं त्या दिवशी मला फार वाटत होतं.