सहावी रात्र

प्रभुदेसाईकाका उजवा डोळा हाताने झाकून गच्चीचा जिना चढायचे. जिन्यातल्या दिव्याने डोळ्याची अंधाराची सवय मोडते, म्हणून. वाटेत कोणी भेटलं की म्हणायचे, "हा डोळा तुमच्यासाठी, तो आकाशासाठी." आमच्या कोलशेतच्या सोसायटीत नवीन राहायला आलेला माणूस हमखास विचारायचा, ऑपरेशन कधी झालं? काका त्याला गंभीरपणे तारीखसुद्धा सांगायचे.

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली होती. ध्यास एकच, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो, आणि तोही घरूनच. आमचं आकाश दिव्यांनी कायम पिवळट. मी म्हटलं, "काका, त्यापेक्षा मुरबाडला जा की."

"हिला सोडून? छे. आपल्या वाट्याला आलंय त्याच आकाशाशी जमवून घ्यायचं, मीनल."

त्यांची पद्धत चिकाटीची होती. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे शेकडो फोटो काढायचे, रात्रीमागून रात्री, आणि कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे. "एका फोटोत नुसता कचरा असतो गं. पुष्कळ एकत्र आले की कचरा विरतो, खरं असेल तेवढं उरतं."

काकू अर्धांगाने तीन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. काका गच्चीवर गेले की तास-दीड तास त्या एकट्याच. बोलणं जड झालेलं, तरी एकदा मला म्हणाल्या, "विचार ना... काय बघतात ते." काकांनी त्यांना छापलेला फोटो हातात द्यायचं कबूल केलं होतं. पाच रात्री जमल्या होत्या. मी म्हटलं, "झालाय तेवढाच दाखवा ना." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक लालसर डाग, भोवती ठिपकेच ठिपके.

"असा दिला तर तिला वाटेल, एवढ्यासाठी मला एकटीला ठेवून जात होते हे? एक स्वच्छ रात्र हवी. एकच."

ती रात्र मी घालवली.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. गच्चीवर सोसायटीचं हळदीकुंकू, आणि सेक्रेटरी मी. चार मोठे हॅलोजन लावले होते. साडेसातला काका दुर्बीण घेऊन वर आले. आकाश कित्येक दिवसांनी धुतल्यासारखं होतं आणि चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. हे मला कळत नव्हतं असं नाही.

"मीनल, आठनंतर अर्धा तास लाइट बंद ठेवशील?"

"काका, आज नको ना. बायका यायला लागल्यात. उद्या अख्खी गच्ची तुमची."

"बरं, उद्या," ते म्हणाले. मी काकूंसाठी तिळगूळ दिला, तो घेऊन खाली गेले.

सोमवारी खाडीकडून धुरकं आलं. मंगळवारीही ते हटलं नाही. बुधवारी पहाटे काकू गेल्या.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. दिवसांच्या वेळी मी पोळ्या करून नेल्या, तर म्हणाले, "बायकांना आवडलं का गं वाण?" त्यांनी चार माणसांत मला फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. आता ते स्वतःही नाहीत. डोंबिवलीला मुलीकडे असताना गेले. तरी कुठेही मोठा दिवा लागला की मी आधी वर आकाशाकडे बघते.

काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी मी हळदीकुंकू खाली पार्किंगमध्ये ठेवलं. तिथले दिवे कमी केले, वरचे सगळे बंद केले, आणि साडेसातला काकांकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका आतल्या खोलीत, काकूंच्या रिकाम्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

"काका, चला. आकाश स्वच्छ आहे. वर एकही दिवा नाही."

"नको गं."

"मी थांबते इथे. तुम्ही जाऊन या."

त्यांनी पलंगाची चादर हाताने सारखी केली. "तेव्हा मी वर असताना ती हाक मारायची, मला ऐकू यायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या वैद्यबाईंनी नंतर सांगितलं. आता ऐकू येते. मग कसा जाऊ?"

मी बाहेर येऊन दार पुन्हा लोटून घेतलं. त्या रात्री गच्ची पहाटेपर्यंत काळोखात होती, आणि वर कोणीच नव्हतं.