साडूंची बारावी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढं अर्धवट ज्ञान उपलब्ध आहे, ते सगळं एकाच माणसाच्या तोंडून आणि तेही वरच्या पट्टीत बाहेर पडावं अशी निसर्गाचीच योजना असावी, आणि त्या कामी निसर्गाने आमच्या साडूंची नेमणूक केली असावी. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कऱ्हाडच्या अलीकडे नदीकाठाला बऱ्यापैकी ऊस, घशात लाऊडस्पीकर आणि अंगात शंकेचा लवलेश नाही. फौजेत असताना ते सुट्टीवर येत, तेव्हा युद्धशास्त्रावर बोलत. निवृत्तीनंतर काही वर्षं उसाच्या बेण्यावर बोलले. हे दोन्ही विषय मी सहन केले, कारण ते त्यांच्या गावात चालत आणि मी सांगलीत राहत असे. पण त्यांच्या मुलीला अकरावीला सायन्सला सांगलीतलं कॉलेज मिळालं, ती शिकायला आमच्याकडे राहिली, आणि साडूंना जीवशास्त्र झालं. एखाद्याला गोवर व्हावा तसंच झालं. फरक एवढाच, की गोवर बरा होतो.

मुलगी अतिशय गुणी. तिचा मला कधी काडीचा त्रास झाला नाही. त्रास होता तो रविवारचा. रविवारी सकाळी खाली जीपचा हॉर्न वाजला की आमच्या सोसायटीतली कुत्रीसुद्धा जागा बदलत. साडू वर येत, मेथीची पेंडी माझ्या हातात कोंबत, आणि मुलीचं पुस्तक उघडून तिच्यासमोर बसत. पुस्तक इंग्रजीत. साडूंचं इंग्रजी परेड ग्राउंडवरचं. त्यामुळे मुलगी वाक्य वाचून मराठीत सांगे आणि साडू त्याचं फौजेत भाषांतर करत. पेशी म्हणजे पलटण. केंद्रक म्हणजे सीओ साहेब, सगळ्या पलटणीचे मुख्य. पेशीपटल म्हणजे गेटवरचा संत्री, ओळख पटल्याशिवाय आत सोडणार नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे लंगर, कारण तिथे शिधा शिजतो. "आन लंगर बंद पडला की पलटण खल्लास! हाय का न्हाई, पावनं?" असं ते मला विचारत. मी वर्तमानपत्रामागून "हाय" म्हणत असे. "पप्पा, एकदा मनातल्या मनात वाचा की," असं पोर काकुळतीला येऊन म्हणायची. पण साडूंच्या मनात जागाच नव्हती. जे आत जाई ते त्याच पावली तोंडावाटे बाहेर येई.

पचनसंस्थेच्या धड्याचे दिवस तर मी विसरूच शकत नाही. आमच्या ऑफिसातले एक साहेब सपत्नीक जेवायला आले होते. बिचाऱ्यांनी पहिला घास घेतला नाही तोच साडूंनी त्या घासाचा प्रवास सांगायला सुरुवात केली. लाळेतून सुटका, अन्ननलिकेतून उतार, जठरातला आम्लाचा मारा, मग लहान आतडं. प्रत्येक मुक्कामाला साहेबांच्या पोटावर बोट रोखून ते पत्ता दाखवत होते. बासुंदीची वाटी पुढे आली तेव्हा साडू मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचले होते. साहेब बासुंदी न खाता उठले आणि पुन्हा आमच्या घरी कधी आले नाहीत. मी संतापून बोललो, तर साडू शांतपणे म्हणाले, "पित्त खवळलंय तुमचं. यकृतात तयार हुतंय त्ये."

प्राण्यांचं वर्गीकरण शिकल्यावर त्यांनी सगळ्या नातेवाइकांची विल्हेवाट लावली. त्यांचे चुलते जळवांत गेले, भावकी बांडगुळात, म्हणजे त्यासाठी त्यांनी वनस्पतींच्या हद्दीतही घुसखोरी केली. मला त्यांनी अमिबा ठरवलं. "ह्येला सवताचा आकार न्हाई," ते माझ्या बायकोदेखत म्हणाले, "घरात येक आकार, हापिसात येक." एका पेशीच्या प्राण्याने रागावून काय करायचं असतं ते पुस्तकात दिलेलं नसल्यामुळे मी गप्प बसलो.

तर असा हा माणूस. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत असं मला वाटण्याचं कारण नाही. तरी पुढचं सांगतो.

साडूंना एक मुलगाही आहे, मुलीपेक्षा मोठा. घरात आजोबा फौजी, बाप फौजी, म्हणून पोरगं कळत्या वयापासून भरतीसाठी धावत होतं. भरतीत धावला उत्तम, छाती भरली, उंची भरली, आणि वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्याच्यासमोर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. पोराला आकडा दिसेचना. त्याला अपात्र ठरवून घरी पाठवलं. हे साडूंना कधी पटलंच नाही. लहान पोरांना वाचता येतो तो आकडा याला वाचता येत नाही म्हणजे काय? पोरगं घाबरलं, नीट बघितलं नाही, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. "डोळं फुटलं व्हतं काय तुजं?" असं चारचौघांत, गावच्या पारावर विचारलं. पोरगं उठलं आणि पाचगणीला एका स्ट्रॉबेरीवाल्याकडे कामाला निघून गेलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. आमची आक्का, म्हणजे माझी मेहुणी, चोरून फोन करायची तेवढंच.

मुलगी बारावीला गेली आणि आनुवंशिकतेचा धडा आला. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या झाडांवर साडू खूश होते. पण एका रविवारी पोरीने पुढचं पान वाचलं. तांबडा आणि हिरवा रंग वेगळा न दिसणं हा जन्माचाच गुण असतो. तो एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला बापाकडून वाय मिळतं आणि एक्स मिळतं ते आईकडून. पोर हे खालच्या आवाजात सांगत होती. तिला ते आधीच ठाऊक असणार. आयुष्यात पहिल्यांदा साडू एकाही शब्दाचा उच्चार न करता बसून राहिले. मी वर्तमानपत्र खाली ठेवून पाहिलं, तर ते बोटाने टीपॉयवर रेघा ओढत होते.

मग एकदम उठले. "म्हंजी आईकडनं आलं. आन आईला कुणाकडनं? मामांकडनं! पावनं, चला. कवठेमहांकाळ."

मामा म्हणजे आमचे सासरे, त्यांच्या लेकींचे आण्णा. कवठेमहांकाळच्या बाजूला कोरड्या माळावर त्यांची डाळिंबाची बाग आणि थोडी शेरडं. सासूबाई गेल्यापासून एकटेच असतात. त्या दिवशी आक्काही सांगलीला आलेली होती. वडील भेटतील म्हणून तीही बिचारी आनंदाने जीपमध्ये बसली. कशासाठी चाललोय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाटेत बाजारात साडूंनी ओल्या मिरच्या घेतल्या, तांबड्या आणि हिरव्या, आणि एकाच पिशवीत कालवल्या. चोराच्या घरी झडती घ्यायला निघालेल्या फौजदाराचा उत्साह होता. मला म्हणाले, "तुमची बायकू बी त्यातलीच. तुमास्नी पोरगा न्हाई म्हणून वाचलासा."

मामा लिंबाखाली बसले होते. साडूंनी रामराम केला न केला तोच परातीत मिरच्या ओतल्या. "मामा, ह्यातल्या तांबड्या येगळ्या काडा बगू."

म्हातारा हसला. जावयाची काहीतरी गंमत असेल म्हणून मिरच्या निवडू लागला. एक इकडे, एक तिकडे. दोन्ही ढिगांत दोन्ही रंग. मग हात थांबवून म्हणाला, "समद्या सारख्याच हायत की रं. मला पयल्यापासनं असंच दिसतंय. डाळिंबं तुजी सासूच तोडायची. आता मी वाजवून बगतो."

"सापडलं!" साडू गरजले. शेरडं बिचकली. आणि तिथे उभ्या उभ्या त्यांनी सगळा धडा म्हणून दाखवला, एक्स आणि वायसकट, हातवाऱ्यांसकट. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग परात हळूच बाजूला सारली.

"म्हंजी माज्यामुळं पोराची भरती गेली?"

साडूंचा हात वरच राहिला. म्हाताऱ्याने धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. आक्का दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्यासमोर आली. माझ्या लग्नापासून मी तिला पाहतोय. नवऱ्यापुढे तिने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"आवं, इतकी वरसं पोराला डोळं फुटलेला म्हणालासा. आता मला म्हणा, आण्णास्नी म्हणा. पर पोराशी बोलू नगा असं कुठल्या पानावर लिवलंय, तेवडं मला दावा."

परतीच्या वाटेवर गाडी इतकी शांत चालली होती, की त्या जीपच्या इंजिनालाही स्वतःचा आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी हॉर्न वाजला, पण साडू वर आले नाहीत. खालूनच म्हणाले, "पावनं, पाचगणीला येतासा?" मी गेलो. माणूस एकटा गेला तर पोराला बांधावर उभं करून जीवशास्त्र सांगेल, ही भीती होतीच. पसरणीचा घाट चढताना तर ते ओठांतल्या ओठांत भाषणाची तयारी करत होते. एक्स, वाय, पलटण, सीओ साहेब असं काहीबाही ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात पोराची कीव केली.

स्ट्रॉबेरीचं शेत रस्त्याच्या खाली उतारावर होतं. पोरगं डब्यांच्या क्रेट उचलत होतं. आम्हाला बघून त्याने क्रेट ठेवली, हात पँटला पुसले, येऊन पाया पडला. "कसं काय आलासा?" एवढंच म्हणाला. साडूंनी तोंड उघडलं. मी कान घट्ट केले. पण ते वाकले, झाडावर पिकलेलं एक फळ पानावर टेकवून धरलं.

"ह्ये तुला कसं दिसतंय?"

पोराचा चेहरा आवळला. "पुन्यांदा मेडिकल घेतासा काय?"

"न्हाई रं," साडू म्हणाले. "मला ठावं न्हाई. म्हणून इचारतोय."

पोरगं मग शेजारी उकिडवं बसलं. "दोन्ही येकाच रंगाचं. पाणी लागलेल्या गुळावानी. फळ जरा चमाकतंय, तेवडाच फरक. मी निस्त्या क्रेटी वाहतो. फळ तोडायला मला लावत न्हाईत."

"आन त्यो समोरचा डोंगर?"

"त्यो बी तसलाच. जरा काळपट."

"आन तुज्या आयचं त्ये लुगडं, दिवाळीचं?"

"त्ये तांबडं हाय असं आय म्हणती," पोरगं किंचित हसलं. "मी व्हय म्हणतो."

साडू एकेक गोष्ट दाखवत होते आणि पोरगं सांगत होतं. मी लांब उभा होतो, मला कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. बऱ्याच वेळाने पोराने ते फळ बापाच्या हातातून घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणालं, "पप्पा, तुमास्नी कसं दिसतंय ह्ये? तांबडं म्हंजी कसं असतंय?"

साडू मांडी घालून मातीतच बसले. घसा साफ केला.

"तांबडं म्हंजी..." ते म्हणाले, आणि थांबले. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा म्हणाले, "तांबडं म्हंजी, बग..."

पोरगं फळ हातात धरून वाट बघत बसलं होतं.

"सांगा सावकास," ते म्हणालं. "मला काय गडबड न्हाई."