यमुनेचा पायगुण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती आत्ता आत बसून नातवंडांना हसवते आहे — भिंतीपलीकडून आवाज येतोय — आणि मी ओटीवर बसून तुम्हाला सांगतोय. बघा, सुरुवातच कशी भित्री. पण तुम्ही काही उद्या मला जेवायला वाढणार नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतं.

तसं पाहिलं तर दिवस मोठ्या मजेचे होते. म्हणूनच सांगायला जड जातं. दुःखाच्या दिवसांत केलेली चूक माणूस दुःखावर ढकलतो. माझी चूक ऐन लग्नसराईतली, ताशांच्या आवाजातली. ती कशावर ढकलू?

तारापूरला अणुवीजघराचं काम निघालं तेव्हा मी विशीच्या आत होतो. आमचं घर मच्छीमारांचं. वडील नव्हते, होडी धाकट्या भावानं आणि मी मिळून चालवायची, पण मला रोख मजुरीची चटक लागली आणि मी सिमेंटच्या गोण्या वाहायला गेलो. तिथं अमेरिकन साहेबांची वसाहत होती. वसाहतीत फरशीचं मैदान, मैदानाला दोन खांब आणि खांबांना लोखंडी कडी — उंचावर, जाळीसकट. आम्ही गोण्यांवर बसून चर्चा करायचो की एवढ्या उंच जाळ्यात हे लोक पकडतात तरी काय?

एका रविवारी त्यांचा चेंडू कुंपणाबाहेर माझ्या पायाशी आला. मी तो पाग फेकतो तसा फेकला. पाग म्हणजे आमचं हातानं फेकायचं जाळं. पाण्यात गुडघाभर उभं राहून टाकायचं, आणि सगळी करामत शेवटच्या क्षणी मनगटाच्या झटक्यात. चेंडू कुंपणावरून गेला आणि कड्यात पडला. साहेब लोक ओरडायला लागले. देवाशपथ सांगतो, मी कड्यावर नेम धरलाच नव्हता. पण ते कोणाला सांगतो मी? तेव्हापासूनच गप्प राहून कौतुक खायची सवय लागली असावी.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. साहेबांनी खेळ शिकवला. परळच्या एका गिरणीचा संघ त्यांच्याशी सामना खेळायला आला आणि परत जाताना मला घेऊन गेला. माझी हजेरी कापडखात्यात लागायची, आणि काम मैदानावर. सकाळी दूध-अंडी, दुपारी झोप, संध्याकाळी सामना. अशी नोकरी जगात असते हे आमच्या गावात कोणी मानायला तयार नव्हतं. सुट्टीवर आलो की बोईसर स्टेशनावर माझी पिशवी उचलायला माणसं भांडायची. आई बाजारात मासळीची पाटी उतरवायच्या आधी माझं सांगायची. बास्केटबॉल हा शब्द तिला कधी जमला नाही, ती 'पोराचा टोपलीचा खेळ' म्हणायची, आणि गिऱ्हाईक बोंबील विसरून ऐकत बसायचं.

गिरणीची अट एकच होती — दारूच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. दारूबंदीचे दिवस, पकडला गेलास तर नोकरीही गेली, असं गिरणीच्या मॅनेजरनं बजावलं होतं. आमच्या संघात एक पंजाबी होता, ताडमाड, वर्षभर कोणाला आवरला नाही. मग एका मोसमात अचानक संपला. उडी तीच, अंग तेच, पण चेंडू हातात राहीना. लोक म्हणाले नशीब फिरलं. मला पुढे कळलं की त्याची दोन बोटं मोडून वेडीवाकडी सांधली होती आणि त्यानं ते लपवलं होतं. खेळाडू अचानक संपतो म्हणतात ना? लोकांसाठी अचानक असतं ते. ज्याचा त्याला दिवस ठाऊक असतो.

माझाही मला ठाऊक आहे. सांगतो — सांगतो, पळून जात नाही.

लग्न ठरलं होतं. मुलगी सातपाटीची, यमुना. पाहायला गेलो तेव्हा सगळ्यांदेखत तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि आपल्या आईला म्हणाली, "याला दारातून वाकून यावं लागल रोज." त्या क्षणी मी पडलो तो पडलोच. लग्नाच्या आधी निमंत्रणं द्यायला वाणगावला गेलो. तिथं माझा एक ताडीवाला दोस्त, लक्षुमण. ताडीचा मोसम, होणारा नवरदेव, आणि समोर भरलेलं मडकं — नाही कसं म्हणणार? नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. प्यालो, आणि वर फुशारकी मारली की मुंबईत ज्याची उडी गाजते त्याला ताडावर चढायला पायात दोरी कशाला? चढलो. बऱ्यापैकी वर गेलो, हे आजही अभिमानानं सांगावंसं वाटतं, काय करू? मग घसरलो आणि उजव्या हातावर आलो. मनगटात काहीतरी कट्ट वाजलं.

लक्षुमण पाय धरायला लागला. बोभाटा झाला तर तो तुरुंगात, मी गिरणीबाहेर. हाडवैद्याकडेसुद्धा गेलो नाही. रुईची पानं गरम करून बांधली आणि घरी आलो. आईला म्हटलं, झोपेत हातावर भार आला.

आता गंमत बघा, लग्न कसं सोयीचं असतं. आत्या-मावश्यांनी मला हळदीनं असा लिंपला की सूज कुठली आणि हळद कुठली कळेना. वर मनगटाला हळकुंड बांधलं, दोरा करकचून आवळला. डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाली, बापाची आठवण आली पोराला, आणि मांडवातल्या बायका रडल्या. मीही रडलो, ते मात्र खरं होतं.

लग्नानंतर हळकुंड सोडायचा खेळ असतो. एकमेकांच्या मनगटाच्या गाठी एका हातानं सोडायच्या, भोवती पोरीबाळी ओरडत असतात. यमुनेनं माझी गाठ चुटकीसरशी सोडली — जाळ्याच्या गाठी सोडलेले हात ते — आणि मग तिची बोटं माझ्या मनगटावर थांबली. हळूच म्हणाली, "हात सुजलाय तुमचा." मी म्हणालो, "हळद उतली अंगावर." तिनं विश्वास ठेवला. लग्नानंतर मी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. अजून आठवलं की स्वतःची लाज वाटते, आणि तिचा तो हळदीनं पिवळा चेहरा आठवला की आनंदही मावत नाही. दोन्ही एकदम होतं. असं होतं का तुम्हाला कधी?

गिरणीचा संघ लग्नाला आला होता. साहेबांनी हौसेनं सामना ठेवला. अख्खं गाव वसाहतीत लोटलं, बायका पुढे, आणि त्यांच्यामध्ये हिरव्या चुड्यातली यमुना. मी धावत होतो, उडत होतो, सगळं पूर्वीसारखं. फक्त चेंडू मनगटातून सुटताना वाकडा जायचा. पहिल्यांदा लोक हसले, नवरा नवरीकडे बघतोय म्हणाले. मग हसणं थांबलं. माझा एकही चेंडू कड्यात गेला नाही. सामना संपला तेव्हा बायकांत कुजबुज होती, आणि घरी पोचेपर्यंत आईनं ती उघड बोलून दाखवली — सून घरात आली आणि पोराचा हात गेला.

हीच ती वेळ होती. ओटीवर सगळे बसले होते, मी बसलो होतो, यमुना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी एक वाक्य बोलायचं होतं. ताडावरून पडलो. दोन शब्द. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यालो.

गिरणीनं एक मोसम वाट पाहिली. मग मला खरोखरच कापडखात्यात उभं केलं, आणि मी परत आलो. लोक स्टेशनावर आले नाहीत. यमुना आली होती. बैलगाडीत माझ्या पिशवीवर बसून ती रस्ताभर मला सांगत राहिली की सातपाटीच्या पापलेटापेक्षा आमचं पापलेट कसं हाडकुळं. आणि मी हसलो. तिच्याबरोबर मी फार हसलो आहे, आयुष्यभर. हे लपवत नाही.

पण गावात ती वाईट पायाची ठरली. कुणाच्या हळदीला बोलावणं आलं तरी हळद दळायच्या जात्याला तिचा हात लागू द्यायचे नाहीत. भावानं नवी होडी बांधली, तेव्हा होडीच्या पूजेला घरातली सून लागते, आणि पूजा चुलतीनं केली. यमुनेला लांब वाळूत उभं केलं. तिथूनच ती ओरडली, "नीट ढकला, सासूबायचा नारळ वाया जायचा." सगळा किनारा हसला. मी होडीत होतो, मीही हसलो. मी स्वतःला सांगायचो, ती मनावर घेत नाही. तिला सगळं थट्टेचं वाटतं. जिला वाटतच नाही तिला सांगून उगाच दुखवायचं कशाला? किती सोयीचा होता हा विचार. घोंगडीसारखा पांघरून झोपायचो.

मग भावाचं लग्न आलं. तोवर आई निवळली होती. यमुनेवाचून तिचं पान हलत नव्हतं, तिच्याच हातचं कालवण तिला लागायचं. वरात दारात आली. भर दुपार, ताशे वाजताहेत, नवी पोर डोळे खाली घालून उंबरठ्याबाहेर उभी, पुढे तांदळाचं माप. आई ओवाळणीचं ताट घेऊन उठली, आणि सगळ्या भावकीसमोर ते यमुनेपुढे धरलं. म्हणाली, "थोरली तू हायस. तू ओवाळ."

मला काय आनंद झाला. वाटलं, सुटलो. न बोलता सुटलो.

यमुनेनं ताटाला हात लावला नाही. हसत होती — तेच हसू, मला आवडतं ते. म्हणाली, "नको आई. माज्या पायांनी यांचं सोन्यासारखं नशीब गेलं. या पोरीच्या वाटंत मी नाय उभी राहायची. मी मागल्या दारानं जाते."

तिनं चुलतीला पुढे केलं आणि वळली. मी आत जायच्या दारातच उभा होतो. तिला जायला वाट हवी होती. मी बाजूला सरलो.