अबू नासरची घोरपड

सोळा वर्षं कुवेतमध्ये सुतारकाम करतोय. दरवाजे केले, किचनची कपाटं केली, एका मोठ्या घराच्या दिवाणखान्याचं अख्खं लाकडी छत केलं. सुट्टीवर गावी गेलो की त्यातलं कुणी काही विचारत नाही. चहाचा कप हातात यायच्या आधी प्रश्न येतो, "ती घोरपड कशी आहे?" किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही हो. काम करून करून कंबर जाते आणि सांगण्यासारखं म्हणून हेच उरतं.

आमचं वर्कशॉप कुवेतच्या अर्दिया भागात. मी संगमेश्वरचा. इलेक्ट्रिशियन रशीदभाई दापोलीचे, आमच्यात वडीलधारे. एसीवाला गुरव लांज्याचा. मालक अबू नासर साठी उलटलेला, बायको वारलेली, मुलं परदेशात.

एका सकाळी अबू नासर आला आणि हिंदीत म्हणाला, "नज्जार, बडा कबट बनाओ. आठ फूट लंबा, चार चौडा, पाँच ऊंचा. सामने काच."

नज्जार म्हणजे सुतार, म्हणजे मी. कबट म्हणजे कपाट. मालकाला आम्ही अरबाब म्हणतो. मी विचारलं, "कपडा कितना है अरबाब?"

"कपडा नहीं. वरल!"

मी रशीदभाईंकडे बघितलं. चाळीस वर्षं इथे काढलेला माणूस, अरबी पाणी प्यावं तशी बोलतो. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "घोरपड रे प्रकाश, घोरपड!"

बाजारातून आणलेली, आफ्रिकेतली. त्याच्या घरी एका छोट्या काचेच्या पेटीत होती. वळायचं म्हटलं तर शेपूट दुमडायला लागायची. अबू नासरला ते बघवेना. मी टेप काढून मापं लिहून घेतली. आठ बाय चार. रूमवर माझी खाट सहा बाय अडीच. तीही वरची!

*

पेटी झाली, आता माती. मला वाटलं, वाळवंटात राहतो, मागच्या अंगणातून चार घमेली वाळू टाकू. जनावरांच्या डॉक्टरने नको म्हणून सांगितलं. घोरपड बीळ खणते, नुसत्या वाळूचं बीळ तिच्याच अंगावर कोसळतं. शेतातली माती वाळूत मिसळा, ओलसर ठेवा, आणि दोन फूट खोल भरा.

दोन फूट! मी पेटीला खालून लोखंडी फ्रेम मारली, आतून फायबर लावलं आणि आम्ही तिघं पिकअप घेऊन वफ्राला गेलो. तिथल्या शेतावर आमच्या ओळखीचा एक बीडचा माणूस आहे. साठ गोण्या भरेपर्यंत तो बिचारा आमच्याबरोबर फावडं मारत होता. शेवटची गोणी बांधताना त्याने विचारलं, "काय लावणार?"

गुरव म्हणाला, "काही नाही."

"मग?"

"तिला खणायला पाहिजे."

त्याने आमच्याकडे बघितलं, मग आपल्या फावड्याकडे. म्हणाला, "खणायला पाहिजे असेल तर तिलाच इकडं पाठवा!"

*

मग दिव्यांचं काम निघालं. बाहेर एकोणपन्नास डिग्री. दुपारी उन्हात काम करायला सरकारचीच बंदी. आणि घरात एसी असा की गुरवला स्वेटर लागावा. त्या थंडीत घोरपड मरगळून पडायची. डॉक्टर म्हणाला, एका टोकाला दगडावर पन्नास डिग्री पाहिजे, दुसऱ्या टोकाला सावली आणि गारवा.

रशीदभाईंनी एका बाजूला तापवायचे दिवे लावले, वेगळा यूव्ही दिवा लावला, सगळ्यांना जाळी बसवली. आधी तो यूव्ही दिवा काचेबाहेर लावला होता. काचेतून ते किरण जात नाहीत म्हणून डॉक्टरने काढायला लावला. रशीदभाई परत शिडीवर चढले.

गुरव थर्मामीटर धरून उभा. अठरा वर्षं लोकांची घरं थंड करणारा माणूस! त्याला राहवेना. "अहो, गरमच पाहिजे तर गच्चीवर सोडा ना तिला. मी एवढा एसी सेट कशाला करतोय?"

रशीदभाईंनी शिडीवरून समजावलं, "तिला दोन्ही लागतं बाबा. गरम वाटलं की इकडे यायचं, थंड हवं तर तिकडे जायचं. तिचं ती ठरवणार."

गुरवने थर्मामीटर खिशात ठेवलं. "म्हणजे आपल्यात चॉइस फक्त तिलाच आहे!"

*

खाण्याचं आणखी वेगळं. अबू नासर मायेने रोज उकडलेली अंडी आणि चिकन भरवायचा. तीन महिन्यांत घोरपड फुगली. पोट जमिनीला घासायला लागलं. तिला उचलून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर अरबीत भराभर बोलत होता आणि रशीदभाई मला मराठीत सांगत होते, कारण तिचा खाण्याचा डबा भरायचं काम माझ्याकडे आलं होतं.

"चरबी वाढलीय... अंडी बंद... लिव्हरवर परिणाम होईल... बसून राहायचं नाही, हालचाल पाहिजे... टोळ आणि झुरळं द्या..."

आणि रशीदभाई मध्येच स्वतःच्या पोटाकडे बघायला लागले.

"काय झालं? पुढे काय म्हणतोय?"

"पुढे काही नाही रे. गेल्या आठवड्यात क्लिनिकमधल्या डॉक्टरने मला अक्षर न् अक्षर हेच सांगितलंय. फक्त ते टोळ आणि झुरळं सोडून!"

*

त्या वर्षी थंडी सरताना तिने खाणं सोडलं. मातीत शिरली ती बाहेरच येईना. चार दिवस झाले, सहा झाले, आठ झाले. अबू नासर काचेसमोर खुर्ची टाकून बसायचा. मला बोलावून एवढंच म्हणाला, "नज्जार, तुमने लकडी को क्या लगाया?"

वॉर्निश मीच मारलं होतं. पुरतं वाळलं होतं ना? वास गेला होता ना? शुक्रवार, आठवड्याची एकच सुट्टी, मीही जाऊन त्याच्या शेजारी बसलो. दोघं मातीकडे बघत. मनात म्हणत होतो, बाई गं, माझ्यामुळे नको.

दहाव्या दिवशी ती बाहेर आली. अर्धी झालेली. सरळ पाण्याच्या टबात उतरली. अबू नासरने बोलावलेल्या डॉक्टरने हात घालून बीळ उकरलं आणि एकेक करून अंडी बाहेर काढली. अठरा! नर नव्हताच, त्यामुळे पिल्लं होणार नव्हती. पण डॉक्टर म्हणाला, खणायला खोल माती मिळाली नसती तर अंडी पोटात अडकून ही मेली असती.

म्हणजे माझं वॉर्निश निर्दोष!

अबू नासर मात्र पेटीवरच्या पाटीकडे बघत होता. तिचं नाव त्याने हौसेने 'सुलतान' ठेवलेलं, आणि पाटी मीच कोरलेली. म्हणाला, "ये मादी है? किसी को मालूम नहीं था?"

गुरव माझ्या कानात म्हणाला, "आपण पहिल्या दिवसापासून 'ती' म्हणतोय. कुणी ऐकलं नाही!"

*

गेल्या वर्षी अबू नासरचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. परदेशात, दोन महिने. जाताना घराची एक चावी माझ्या हातात देऊन गेला.

मग रोज दुपारी एक वाजता व्हिडिओ कॉल. हॉस्पिटलच्या पलंगावरून हुकूम. माती सुकलीय, पाणी मार. टब घासला का? डावीकडचा दिवा मंद का दिसतोय? मी वर्कशॉपमधून माझा जेवणाचा डबा घेऊन धावत यायचो आणि एका हाताने फोन धरून दुसऱ्याने टब घासायचो. डबा बहुतेक वेळा तसाच परत जायचा.

ऑपरेशनच्या दिवसापासून फोन बंद झाला. पाच दिवस काही खबर नाही. तरी मी रोज एकला हजर.

सहाव्या दिवशी फोन वाजला. चेहरा पार उतरलेला, दाढी वाढलेली, नाकात ऑक्सिजनची नळी. मी घाईघाईने कॅमेरा पेटीकडे फिरवला. "देखो अरबाब, एकदम ठीक है. कल पाँच टोळ खाया, माती भी गीला है..."

त्याने हात हलवला. नीट ऐकू येईना म्हणून मी फोन कानाजवळ नेला.

"खाना खाया?"

"हां अरबाब, बोला ना, पाँच टोळ..."

"वरल नहीं," तो म्हणाला. "इंता. इंता खाना खाया?"

इंता म्हणजे तू.

मी नाही म्हणालो. त्याने पलंगावरचा ट्रे पुढे ओढला आणि चमचा हातात घेऊन थांबला. मी फोन भिंतीला टेकवून ठेवला, डबा उघडला, आणि आम्ही दोघं जेवलो.